पुस्तकाचे बारसे आमच्याच घरी

प्रति,
नाशिकमध्ये मुख्यालय असलेल्या, उपकेंद्र असलेल्या अथवा नुसताच जाहिरातफलक असलेल्या सर्व विद्यापीठांचे मा. कुलगुरू यांस,

विषय : सगळ्या ग्रंथालयांची मिळून एकच तालिका करण्याचा विचार मनात आला असल्यास तो काढून टाकणेबाबत.

संदर्भ : संदर्भ विभागाची किल्ली रजेवरच्या शिपायाकडे आहे.

महोदय/महोदया,

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून, प्रक्रिया विभागातून, निवृत्त झालेला सहायक. आपण उद्‌घाटनाला आलात तेव्हा आपल्याला वाचनकक्ष दाखवला असेल, रांगोळी दाखवली असेल, आमची खोली कोणी दाखवली नसेल. ती जिन्याखाली असते. विकत आणलेले पुस्तक तिथे येते, त्याच्यावर शिक्का बसतो, त्याला दाखल क्रमांक मिळतो, वर्गांक मिळतो, तालिकेत नोंद होते, पाठीला लेबल चिकटते आणि मग ते फडताळात जाते. थोडक्यात, पुस्तकाचे बारसे. मी तीस वर्षे आत्याबाई होतो.

पत्र लिहिण्याचे कारण असे की, गेल्या महिन्यात कॉलेज रोडवर चहा पिताना एक तरुण ग्रंथपाल मला म्हणाला, "काका, एकच पुस्तक गावातली दहा ग्रंथालये घेतात आणि दहा जण दहा वेळा त्याची नोंद करत बसतात. एकाने नीट केली आणि नऊ जणांनी उचलली तर काय बिघडेल?" मुलगा हुशार आहे, कंत्राटी आहे, त्यामुळे असले विचार त्याच्या डोक्यात येणारच. पण हे आपल्या कानावर जाण्याआधी आमची बाजू मांडणे मला कर्तव्य वाटते.

पहिली गोष्ट, यात नवीन काही नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ सालीच छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना विकायला काढली. ओहायोतल्या ५४ महाविद्यालयांनी १९६७ साली मोट बांधली आणि १९७१ साली तारेवरून एकमेकांच्या नोंदी उचलायला सुरुवात केली. आज वर्ल्डकॅट म्हणून जो डोंगर दिसतो तो त्यातूनच झाला. आपल्याकडे रंगनाथन तर याच्याही पुढे गेले होते. पुस्तक छापून बाहेर पडण्याआधीच त्याचे वर्गीकरण आणि तालिकीकरण एकाच ठिकाणी व्हावे, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे ग्रंथाचे गर्भसंस्कारच. आम्ही दर १२ ऑगस्टला त्यांच्या तसबिरीला हार घालतो, नारळ फोडतो, त्यांची पंचसूत्री मोठ्याने वाचतो. वाचकाचा वेळ वाचवा, हे चौथे सूत्र येते तेव्हा साधारण चहा आलेला असतो.

असे प्रयोग महाराष्ट्राने करून पाहिले नाहीत असेही नाही. नव्वदच्या दशकात मुंबईत बॉनेट आणि पुण्यात पुणेनेट नावाची ग्रंथालयांची जाळी विणली गेली होती. आज एखाद्या पदवीधराला ही नावे विचारा. मच्छरदाण्यांच्या कंपन्या वाटतील. इन्फ्लिबनेटचे तर काय सांगावे! विद्यापीठांची ग्रंथालये जोडणारा हा प्रकल्प १९९१ साली सुरू झाला तेव्हा कागदोपत्री पुण्याच्या आयुकाच्या मांडीवर होता. १९९६ साली तो स्वतंत्र झाला, आणि बिऱ्हाड गुजरातेत. महाराष्ट्रातून गुजरातेत गेला म्हणून विधानसभेत ज्याच्या नावाने एकही घोषणा झाली नाही, असा माझ्या माहितीतला हा एकमेव प्रकल्प. देशभरच्या विद्यापीठांच्या पुस्तकांची एकत्र सूची त्यांच्याकडे आहे, इंडकॅट तिचे नाव. ग्रंथालयासाठी प्रणालीही त्यांनीच केली, तिचे नाव सोल, म्हणजे आत्मा. आत्म्याला शस्त्रे छेदत नाहीत की अग्नी जाळत नाही. डेटाचे तसे नसते. संगणक बदलला तेव्हा आमच्या श्रीलिपीत टंकलेल्या चार हजार नोंदींची जी अक्षरे झाली, ती वाचायला अजून कोणी पाणिनी जन्मलेला नाही.

मुलगा म्हणतो, आता कोहा आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी १९९९ साली केलेली, फुकट वाटलेली प्रणाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. दुसऱ्याची नोंद एका टिचकीत आपल्याकडे ओढून घ्यायची सोय तिच्यात आहे. असेल. पण फुकट मिळालेल्या वस्तूची निविदा कशी काढायची, याचे उत्तर त्याला देता आले नाही.

खरी अडचण यंत्राची नाहीच मुळी. ती नावांची आहे, आणि त्यात नाशिकइतकी श्रीमंत अडचण दुसऱ्या कोणत्या गावाकडे नसेल. जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. दत्तक गेल्यावर विष्णु वामन. नाटकांवर वि. वा., कवितांवर कुसुमाग्रज. ज्ञानपीठ एकालाच मिळाले, पण संगणकाच्या लेखी हे चार गृहस्थ आहेत आणि त्यांची आपसात ओळख नाही. 'नटसम्राट' शोधणाऱ्याला 'विशाखा' दिसत नाही, 'विशाखा' शोधणाऱ्याला 'नटसम्राट' दिसत नाही. यावर शास्त्रात उपाय आहे. एक नाव प्रमाण मानायचे आणि बाकीची त्याच्याकडे बोट दाखवतील अशी व्यवस्था करायची. पण प्रमाण कोणते, हे कोण ठरवणार? त्यासाठी दोन ग्रंथालयांना एका टेबलाशी बसावे लागेल. प्रवासभत्ता कोणाच्या खात्यातून? आरती प्रभूंना आडनाव 'प्रभू' मानून उलटे टांगावे की नाही, यावर माझे आणि एका मैत्रीण-ग्रंथपालबाईंचे अकरा वर्षे बोलणे बंद होते. ज्ञानेश्वरांचे तर मी एका ठिकाणी 'महाराज, ज्ञानेश्वर' असे पाहिले आहे. आडनाव महाराज.

सालांचेही तेच. जुन्या पुस्तकावर शके १८६४ छापलेले असते. घाईत असलेला माणूस १८६४ टाकतो आणि मोकळा होतो. वास्तविक त्यात ७८ मिळवायचे, म्हणजे १९४२ येते. 'विशाखा' १९४२ची. घाईच्या हिशेबाने ती कवीच्या जन्माच्या अठ्ठेचाळीस वर्षे आधी निघाली. यात मला तरी वैगुण्य वाटत नाही, प्रतिभा म्हणतात ती हीच. आणि प्रकाशनस्थळ? कोणी नाशिक लिहितो, कोणी नासिक. गावाचे नावच दोन प्रकारे लिहिणाऱ्या गावाकडून एका तालिकेची अपेक्षा करणे मला क्रूर वाटते.

आता थोडे कटू बोलतो. साठच्या दशकात अमेरिकेचा लाल गहू रेशनवर खाल्लेली पिढी अजून आहे. त्या गव्हाचे पैसे आपण रुपयांत चुकते केले. त्याच रुपयांतून १९६२पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत कचेरी थाटून भारतीय भाषांतली पुस्तके घेतली, त्यात मराठीही, आणि तिकडच्या, अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांना वाटली. नोंद एकदाच, पुस्तके अनेक ठिकाणी. गहू आपल्या पोटात गेला आणि पुस्तके शिकागोला. त्या मुलाने मला मोबाइलवर एका मराठी कथासंग्रहाची वॉशिंग्टनमधली नोंद दाखवली. रोमन लिपीत, डोक्यावर आडव्या रेघा आणि पायाखाली ठिपके घेऊन मराठी शीर्षक उभे होते, पाने, आकार, आवृत्ती, सगळे जागच्या जागी. मी त्याला म्हटले, बाबा रे, त्यांना नॅक नाही.

महाविद्यालयांना श्रेणी देणारी नॅक हा आमचा आधार आहे, महोदय. ग्रंथालय संगणकीकृत आहे का, असा रकाना असतो. तो भरायचा असतो. पिअर टीम येण्याच्या आधीचे पंधरा दिवस आठवा, म्हणजे आपल्याला आठवणार नाहीत, पण आम्हाला आठवतात. विद्यार्थी साहाय्यक, शिपाई, एकदा तर क्रीडाशिक्षकही, सगळे नोंदी टंकत होते. संख्या वाढत होती. ती संख्या अहवालात गेली, श्रेणी मिळाली, पेढे आले. २०१६च्या विद्यापीठ कायद्याने ग्रंथालयाचे 'ज्ञानस्रोत केंद्र' केले, तेव्हा आम्ही पाटीही बदलली. पाटीचा खर्च मंजूर झाला. प्रक्रिया विभागातले माझे रिकामे पद मात्र अद्याप रिकामेच आहे. त्यामुळे त्या ज्ञानाचा स्रोत आता नेमका जिन्याखालीच आटला आहे.

एकाच घरातली तीन मुले घ्या. थोरली १९८९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठात, मधला १९९८च्या आरोग्य विद्यापीठाच्या महाविद्यालयात, धाकटी पुण्याच्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात. तिघे एका ताटात जेवतात. पण थोरलीच्या ग्रंथालयात काय आहे हे धाकटीला कळायचे तर गोवर्धन गावापर्यंत बस धरावी लागते. तरुण वयात एवढी पायपीट हवीच.

मुलगा ऐकेना. तो मला रामकुंडावर घेऊन गेला. २०२७च्या सिंहस्थाची कामे चालली आहेत. वैष्णव आखाडे इथे न्हाणार, शैव त्र्यंबकला कुशावर्तावर. मानापमानाच्या भांडणातून पेशवाईत ही वाटणी झाली, असे सांगतात. मी म्हटले, बघ, हाच आपला आदर्श, ज्याचे कुंड त्याला. तो काही बोलला नाही. एका उपाध्यायांसमोर त्याने मला उभे केले. "गाव कोणतं? आडनाव?" मी सांगितले. "तुमचं माझ्याकडे नाही," ते म्हणाले आणि पलीकडच्या गल्लीतले घर सांगितले. तिथे कापडात गुंडाळलेली लांबट वही निघाली. पाच-सात पाने उलटली असतील. माझ्या आजोबांच्या चुलत्यांची मोडीतली सही समोर होती.

वह्या ज्याच्या त्याच्या घरी, मालकी ज्याची त्याची, दक्षिणा ज्याची त्याला. फक्त कोणते गाव कोणाकडे, हे सगळ्यांना ठाऊक. "काका," तो म्हणाला, "मी एवढंच मागतोय." नामावळी सांभाळणाऱ्यांना नॅकची श्रेणी नाही, हे मी त्याच्या लक्षात आणून दिले.

शंकर गणेश दाते नावाच्या गृहस्थांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची एकट्याने केली, हेही त्याने मला ऐकवले. संगणक नव्हता, समिती नव्हती. मला वाटते, समिती नव्हती म्हणूनच झाली. आपण कृपया समिती नेमावी.

तरी आपणांस विनंती की, ग्रंथालये स्वतंत्र ठेवावीत, आत्या स्वतंत्र ठेवाव्यात, आणि कोणी एकत्र बसण्याचा आग्रह धरलाच तर बैठक सिंहस्थानंतर ठेवावी.

आपला नम्र,
एक निवृत्त सहायक (प्रक्रिया), नाशिक

ता. क. : त्या मुलाच्या ओळखीची एक संशोधक विद्यार्थिनी बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहाची १९६३ची पहिली आवृत्ती शोधत होती. लेखक नाशिकचे, विद्यार्थिनी नाशिकची. सहा ग्रंथालयांत तिने विचारले. 'बागूल' टाकून पाहिले, ऱ्हस्व 'बागुल' टाकून पाहिले. नाही. वॉशिंग्टनमध्ये असल्याचे कळले, पण तिथे बस जात नाही. प्रत शेवटी माझ्याच जुन्या ग्रंथालयात निघाली, फडताळात हाताने चाचपताना. तालिकेत लेखकाचे आडनाव 'बाबुराव' असे पडले होते, साल रिकामे होते. दाखल नोंदवहीत त्या ओळीपुढे तारीख नॅकच्या पंधरवड्यातली आहे. सही माझी आहे.