पाठराखीण

आमच्या मिक्सरचा आवाज गेल्या वर्षी अचानक कमी झाला. खोबऱ्याची चटणी वाटताना पूर्वी ओट्यावरच्या वाट्या नाचत नाचत कडेपर्यंत यायच्या, त्या जागच्या हलेनात. मला हे जाणवलं, पण मी काही विचारलं नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली की माणूस घरातल्या चांगल्या बदलांची चौकशी करत नाही.

कारण कळलं ते घरात नाही, पौडच्या पुढं मिसळीच्या एका टपरीवर. आम्ही सात-आठ जण दर रविवारी पहाटे बाइकवरून पुण्याबाहेर पडतो, शंभरेक किलोमीटर हिंडतो, मिसळ खातो आणि परत येतो. तशीच मिसळ माझ्या घराखाली मिळते, पण तो मुद्दा आमच्यात काढायचा नसतो. तर आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा, जो अंगावर इतकी कवचं चढवून येतो की पहिल्यांदा पाहणाऱ्याला कर्णच आठवावा, त्यानं माझ्या पाठीवर कौतुकाची थाप मारली. मग थांबला. मग बाजारात कलिंगड वाजवून बघतात तशी दोन बोटांनी पुन्हा टकटक केली.

"काका, आत काहीच नाही."

"आत मी आहे," मी म्हणालो.

त्यानं माझं जॅकेट उतरवून अस्तराची चेन उघडली. पाठीच्या जागी एक लांबरुंद खिसा होता आणि तो खरोखरच रिकामा होता. या रिकाम्या खिशाच्या भरवशावर मी सहा महिने वरंधा, आंबेनळी असे घाट उतरलो होतो आणि वळणावर छाती काढून बसलो होतो. छाती तरी माझी होती.

घरी येऊन चौकशी बसवली.

"अहो, ते काळं काळं? जॅकेट धुताना निघालं. मला वाटलं पॅकिंगचं असेल." बायकोनं मिक्सर उचलून दाखवला. खाली माझी पाठ होती. मिक्सरच्या चार पायांचे चार खड्डे पडलेले, एका कोपऱ्यात हळद.

मी ती वस्तू तावातावानं उचलली. हिला दाखवावं की बाई गं, हे संरक्षण आहे, यावर मानक छापलेलं असतं! उलटसुलट करून पाहिलं. एक अक्षर नव्हतं. वाकवली तर वाकली, अंगठ्यानं दाबली तर अंगठा पलीकडच्या बोटाला भेटला. त्याच जॅकेटच्या खांद्यांत आणि कोपरांत मात्र जाडजूड पॅड होते, त्यांवर आकडे उमटवलेले. कंपनीला खोटं पाडायला माहितीपत्रक काढलं, तर तिथं स्वच्छ लिहिलं होतं: खांदे आणि कोपर – प्रमाणित कवच; पाठ – फोम. मी नऊ हजार मोजले तेव्हा पहिल्या ओळीच्या आनंदात दुसरी वाचलीच नव्हती. म्हणजे आमच्या हिनं जे "पॅकिंगचं" म्हटलं, ते अगदीच चूक नव्हतं.

मग मी अभ्यासाला बसलो. पाठीच्या कवचाचं युरोपीय मानक आहे, ईएन १६२१-२. यातला शेवटचा आकडा नीट पाहायचा. तो १ असेल तर ते कवच कोपरा-गुडघ्याचं, ३ असेल तर छातीचं, पाठीचं फक्त २. तपासणी अशी की पाच किलोचं वजन साधारण एक मीटरवरून कवचावर पाडतात आणि कवचाखाली किती बल पोचलं ते मोजतात. सरासरी १८ किलोन्यूटनच्या आत राहिलं तर लेव्हल १, ९ च्या आत राहिलं तर लेव्हल २. एखादा फटका सरासरीहून जास्त निघाला तरी लेव्हल १ ला २४ आणि लेव्हल २ ला १२ च्या वर जाता कामा नये. कोपराच्या साध्या कवचाला ३५ पर्यंत मुभा असते. कोपर तेवढं सोसतं, कणा सोसत नाही.

किलोन्यूटन मला बारावीनंतर थेट आत्ता भेटला. बायकोला समजावं म्हणून मी त्याचे कांदे केले. पन्नास किलोची गोणी धरली तर लेव्हल १ म्हणजे सुमारे छत्तीस गोण्यांचा भार, लेव्हल २ म्हणजे अठरा गोण्यांचा.

"म्हणजे छत्तीस गोण्या पाठीवर आल्या तरी पास?"

"क्षणभरच. सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात तो वेळ."

"आणि पास कोण? तुम्ही की ते?"

"ते."

तिनं पिशवी काढून दिली आणि अठरा गोण्यांवालंच आणा म्हणून बजावलं. आमच्या घरात कांदा महाग झाला तरी इतकी झटपट निर्णयप्रक्रिया होत नाही.

दुकानातला मुलगा विशीतला होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "काका, पाठ करा."

आमच्या पिढीला 'पाठ करा' म्हटलं की हात आपोआप मागं जातात आणि तोंडातून तेरा सत्ते एक्क्याण्णव येतं. त्याला मी वळून उभा राहायला हवा होतो. त्याच्या हातात शिंप्याची टेप होती. कवचाचं माप उंचीवरून घेत नाहीत, छातीवरून तर नाहीच; कमरेपासून खांद्यापर्यंतच्या लांबीवरून घेतात, आणि ती लांबी सेंटिमीटरमध्ये कवचावरच छापलेली असते. हे मला पटलं. अडचण कमरेची झाली.

"काका, कंबर कुठंय?"

त्यानं हे अगदी निर्मळ मनानं विचारलं. मी पट्ट्याकडं बोट दाखवलं. तो म्हणाला, पट्टा नाही, कमरेच्या हाडाची वरची कड. पट्टा आणि हाड यांची फारकत होऊन दहाएक वर्षं झाली असावीत. पट्टा पोटाच्या आधारानं वेगळा संसार थाटून होता. शेवटी त्याला ती कड सापडली, आणि पाच फूट दहा इंचांच्या माझ्या देहात पाठीच्या वाट्याला मीडियम एवढंच आलं आहे असं निष्पन्न झालं. बाकीची उंची पायांत गेली. एक्स्ट्रा लार्ज घेतलं असतं तर वरची कड हेल्मेटला मागून ढुशा देत बसली असती. म्हणून तो मुलगा दुकानातल्या स्टुलावर मला बाइकवर बसल्यासारखं पुढं वाकून बसवून, मान वर करायला लावून बघत होता. दोन गिऱ्हाइकं पाहत होती. मी क्लच दाबला.

लेबल वाचायला चाळशी काढावी लागली. बाइकवाल्याच्या छोट्या चित्राशेजारी एफबी म्हणजे खांद्याच्या पात्यांसकट पूर्ण पाठ, सीबी म्हणजे फक्त मधला पट्टा, एलबी म्हणजे निव्वळ कंबर. टी अधिक आणि टी उणे अशी अक्षरं असली तर उन्हाळ्याची आणि थंडीची जादा परीक्षाही दिलेली. हे महत्त्वाचं, कारण बरीचशी कवचं ज्या मऊ द्रव्याची असतात ते गारठ्यात कडक पडतं आणि उन्हात लिबलिबीत होतं. उन्हाळ्याची परीक्षा ४० अंशांना घेतात. हे मी अकोल्याच्या साडूंना फोनवर सांगितलं, तर ते इतका वेळ हसले की मला वाटलं फोन कटला.

मग त्या मुलानं एक नारिंगी गोळा काढला. भिजवलेल्या कणकेसारखा. बोटांनी दाबला तर ओघळायला लागला, हातोडीनं हाणला तर हातोडी उडाली. हे डीथ्रीओ, रिचर्ड पामर नावाच्या इंग्रजानं १९९९ मध्ये काढलेलं. कॉर्नफ्लोअरचं दाट पाणी करून त्यात बोट हळूच घाला, जातं. बुक्की मारा, अडतं. जात तीच. आमचे आजोबा याच द्रव्याचे होते. गोडीनं विचारलं तर मऊ, आवाज चढवला की पाषाण. मुलानं आपला हात त्या गोळ्याखाली ठेवून हातोडी माझ्याकडं दिली. मी परत केली. दुसऱ्याच्या मुलावर हातोडी चालवायला माणूस निदान ओळखीचा लागतो.

पट्ट्यांचं एक वेगळं कवचही असतं, दप्तरासारखं खांद्यांत अडकवून पोटावर रुंद पट्टा आवळायचा. खिशातल्या कवचापेक्षा हे अंगाला घट्ट बसतं, पडल्यावर जागचं हलत नाही, आणि एकच कवच कुठल्याही जॅकेटखाली चालतं. गुण सगळे त्याच्याच बाजूनं. मी घालून आरशात पाहिलं तर मिरवणुकीच्या पथकातला, ढोल हरवलेला वादक दिसत होतो. हवेचं जॅकेटही होतं, पडल्यावर क्षणात फुगणारं; मोटोजीपीच्या शर्यतीत २०१८ पासून एअरबॅग सक्तीची आहे. साध्या प्रकारात त्याची दोरी बाइकला अडकवतात, माणूस बाइकवेगळा झाला की हिसका बसून ते फुगतं. चहाच्या टपरीवर बाइकची किल्ली काढायला विसरणारा माणूस ती दोरी सोडायला लक्षात ठेवील, हे मला माझ्याबद्दल सांगता येईना. किंमत ऐकल्यावर तो प्रश्नच मिटला.

घ्यायच्या आधी एका हाडवैद्य मित्राला फोन केला. हाडवैद्य म्हणजे चांगला एमएस ऑर्थो आहे, पण आम्ही शाळेपासूनचे. तो म्हणाला, "हे बघ, मणके मोडतात ते बरेचदा दुमडून नाहीतर पिळवटून. डोक्यावर आपटलास आणि अंग मागून आलं, तर तुझं ते कवच काय करणार? पण दगड, दुभाजक, पुलाचा कठडा यांचा फटका सरळ पाठीत बसला तर त्याचा उपयोग. बरगड्या, पाती वाचतील."

"मग घेऊ का नको?"

"घे. निदान सरळ बसशील. दहावीपासून सांगतोय."

शेवटी जॅकेटच्या खिशात जाईल असं, एफबी, लेव्हल २, अडीच हजारांना घेतलं. खिशाचा आकार कागदावर गिरवून नेला होता, तो कामी आला. दोन चांगली कवचं त्या आकाराला आत जाईनात म्हणून परत ठेवावी लागली.

घरी आईनं ते हातात घेऊन पाहिलं. आई मालवणकडची, वय एक्क्याऐंशी. काळ्या कवचावरच्या एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्या तिनं नखानं उचलून पाहिल्या आणि म्हणाली, "ही तर शेवंड रे."

मी थक्क झालो. बॅरी शीन नावाचा ब्रिटिश शर्यतपटू १९७५ मध्ये अमेरिकेत डेटोनाला मागचा टायर फुटून असा पडला होता की मांडीसकट कितीतरी हाडं मोडली. पुढं पाठीच्या कवचाची कल्पना त्याच्याकडून इटलीतल्या दाइनेझे कंपनीपर्यंत पोचली, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीला त्यांनी जे पहिलं कवच केलं ते शेवंडीच्या, म्हणजे लॉबस्टरच्या, पाठीवरून सुचलेलं. वाकताना वाकतं, मार आला की एकावर एक बसून घट्ट. इटलीतल्या कंपनीला जे शोधावं लागलं ते आमच्या आईनं कालवण करताना सोलून टाकलं होतं.

"नाव काय याचं?" तिनं विचारलं.

मी इंग्रजी नाव सांगितलं. तिला ते आवडलं नाही. "पाठराखीण म्हण," ती म्हणाली. "माझ्याबरोबर सासरी माझी मावशी आली होती पाठराखीण म्हणून. चार दिवस राह्यली. काही करायची नाही, नुसती मागं बसायची. पण कोणी मला वाकडं बोललं नाही."

तेव्हापासून आमच्या घरात त्या वस्तूला दुसरं नाव नाही. "अहो, पाठराखीण घेतली का?" असा प्रश्न रविवारी पहाटे साडेपाचला जिन्यातून खाली येतो, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक दार किलकिलं करून बघतात. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या शहरात मी राहतो; पाठीची सक्ती घरातूनच झालेला बहुधा मी एकटाच.

उकडतं. एप्रिलमध्ये सिग्नलला उभं राहिलं की पाठीवर पन्हाळ सुटते, कवचाला भोकं असली तरी ती हवा येण्यापेक्षा घाम मोजायलाच ठेवलीयत असं वाटतं. पण मित्र म्हणाला ते खरं, मी सरळ बसतो. आजवर पडलो एकदाच, आमच्याच पार्किंगमध्ये. जवळजवळ दोनशे किलोंची बुलेट स्टँडवरून काढताना उभ्याउभ्या डाव्या कुशीवर कलंडलो. गुडघा सोलला, आरसा गेला. पाठीला धूळही लागली नाही.

नवीन कवच आणलं त्या दिवशी हिनं ते दाबून पाहिलं, वाकवलं, मिक्सरकडं एक नजर टाकली. माझा श्वास अडकला. "हे नाही चालायचं," ती म्हणाली, "मिक्सर डुगडुगेल." आणि जुना फोम हळद पुसून पुन्हा जागेवर सरकवला.

तुमच्याकडं जॅकेट असेल तर एवढं वाचून झाल्यावर उठा आणि पाठीच्या अस्तराची चेन उघडा. आत जे असेल त्यावर १६२१-२ शोधा. सापडलं नाही, तर ते मिक्सरखाली छान बसतं.