टक्केकाका

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे टक्केकाका म्हणतात. हे आडनाव नव्हे, बहाल झालेली पदवी आहे. नोव्हेंबरात नोएडाच्या लिफ्टमध्ये दोन माणसं भेटली की हवेशिवाय दुसरा विषय निघत नाही. टक्केकाका मात्र तुमच्या हातातल्या फोनकडे हनुवटीनेच खूण करून विचारतात, "किती?" तुम्ही हवेचा आकडा समजून "चारशे वीस" म्हणालात की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. "बॅटरी हो, बॅटरी!" आणि उत्तर पन्नासच्या आतलं आलं, तर तुमचा मजला यायच्या आत त्यांच्या खिशातून पॉवर बँक बाहेर आलेली असते.

काका मूळचे कोकण किनाऱ्यावरच्या हर्णैचे. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात टेबलं बदलण्यात हयात गेली, निवृत्तीनंतर नोएडात फ्लॅट घेतला. त्यांच्या घरात समुद्राचा पुरावा एवढाच, की काकू दर उन्हाळ्यात गावाहून सोडे आणि सुकट आणतात आणि त्यानंतर आठवडाभर लिफ्टमधल्या वासाबद्दल मेंटेनन्सच्या ऑफिसात तक्रारी येत राहतात. पण निवृत्तीच्या पैशातून काकांनी टॅब्लेट घेतला, त्यात सागरी नकाशांचं ॲप घातलं आणि ते दर्यावर्दी झाले. जवळ बोट नाही, समुद्र हजारेक किलोमीटर लांब. या अडचणी त्यांच्या मते किरकोळ. "बोट काय, कुणाचीही मिळते. चार्जिंग ज्याचं त्याला बघावं लागतं."

टॅब्लेट घेताना दुकानदार स्वस्तातला, नुसत्या वाय-फायवाला दाखवत होता. काकांनी त्याला असा फैलावर घेतला की मागचं गिऱ्हाईक आपोआप दुसऱ्या काउंटरवर गेलं. काही कंपन्यांच्या नुसत्या वाय-फायवाल्या टॅब्लेटमध्ये जीपीएसच नसतं, ते सिमवाल्यात असतं, हे दुकानदाराला माहीत नव्हतं. "समुद्रात वाय-फाय तुझा काका देणार आहे का?" असं काकांनी त्याला शुद्ध मराठीत विचारलं आणि मग हिंदीत सौम्य करून सांगितलं.

नोएडात राहून कसलं नौकानयन, असं कुणी म्हणालं की काका सरकारी कागद काढतात. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाचं मुख्यालय कुठे आहे? मुंबईत नाही, कोलकात्यात नाही. नोएडा, सेक्टर १! २०१६च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले, त्यांतला ११० क्रमांकाचा यमुना, दिल्लीतल्या जगतपूरपासून थेट प्रयागराजच्या संगमापर्यंत. शिवाय २०२५च्या मार्चमध्ये सोनिया विहार ते जगतपूर या पट्ट्यात क्रूझ सुरू करण्याचा करार झाला आहे, विजेवर आणि सौरऊर्जेवर चालणाऱ्या बोटींचा. "म्हणजे सरकारलाही कळलंय, मुख्य प्रश्न चार्जिंगचा आहे," असं म्हणून काका विजयी मुद्रेने बघतात. राहता राहिली भरती. सोसायटीच्या टाकीत टँकरचं पाणी पडत असेल तर तेवढ्या वेळापुरती तीही असते.

काकांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मात्र समजू नका. बोटीवरचा टॅब्लेट घरच्यासारखा वागत नाही. घरात आपण तो दहा मिनिटं बघतो आणि उपडा ठेवतो. बोटीवर पडदा सतत चालू, तोही उन्हात दिसावा म्हणून पूर्ण उजेडावर, आणि वर जीपीएस अखंड सुरू. साधारण ३० वॅट-तासांची बॅटरी असली आणि हा सगळा संसार १० वॅट खात असला, तर तीन तासांत खेळ खलास. जुन्या पद्धतीचा ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चार्जर लावला तर तो देणार ५ वॅट. म्हणजे वायर लावलेली, विजेचं चिन्ह दिसतंय आणि आकडा तरीही खाली येतोय. हे काकांनी प्रथम पाहिलं तेव्हा ते जेवले नाहीत. पूर्वी पगार आणि महागाई यांचा हिशेब ते असाच सांगायचे, फक्त तेव्हा त्याला वॅट म्हणत नव्हते.

मग संशोधन सुरू झालं. बोटीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट करायचे आणि त्यात घरचा चार्जर खुपसून पुन्हा ५ व्होल्टवर यायचं, हा काकांच्या लेखी अक्षम्य अपराध. प्रत्येक फेरीत वीज उष्णतेत जाते. "सदरा घ्यायला नोएडाहून करोल बागेत जायचं आणि जाताना पानिपत करून जायचं!" १२ व्होल्टवरून थेट चार्ज करणारा ३० किंवा ४५ वॅटचा यूएसबी-पीडी चार्जर लावा, मध्ये फ्यूज टाका, आणि ज्या बॅटरीवर इंजिन स्टार्ट होतं तिला हात लावू नका. नाहीतर टॅब्लेट शंभर टक्के आणि बोट जागच्या जागी. हे नियम काकांनी छापून फ्रिजवर लावले आहेत, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.

प्रयोगासाठी बॅटरी हवी होती. मेट्रो स्टेशनबाहेरच्या एका ई-रिक्शावाल्याशी काकांनी दोस्ती केली. त्याच्या रिक्शात १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या, एकीला एक जोडून ४८ व्होल्ट केलेल्या. त्यातली म्हातारी झालेली एक काकांनी विकत घेतली. पंचवीस-तीस किलोची ती बया वॉचमनच्या मदतीने वर आली आणि बाल्कनीत बसली. मग तिच्यासाठी सौर पॅनेल आलं आणि दक्षिणेच्या उन्हात, जिथे तुळस होती, तिथे उभं राहिलं.

"अहो, तुळशीला ऊन लागू द्या थोडं," काकू म्हणाल्या.

"तुळस काय चार्ज करायचीय?"

"मला वाटलं, पुण्य," काकू म्हणाल्या आणि पॅनेल दोन फूट सरकवून गेल्या. त्यानंतर काकांची सकाळची आवक घटली, पण ते बोलले नाहीत. काकूंपुढे त्यांची लाईट नेहमीच जाते.

बाल्कनीतल्या या वीजघराचं दुःख एकच. सोसायटीत वीज गेली की काही सेकंदांत जनरेटर धडधडतो. काका कनेक्टर हातात घेऊन बाल्कनीच्या दारापर्यंत पोचतात आणि पंखे सुरू होतात. इतकी तयारी आणि इतका चोख जनरेटर एका इमारतीत असू नये.

पहिली जलसफर जानेवारीत झाली, यमुना बाजारच्या घाटावर. हिवाळ्यात तिथे हजारो कुरव पक्षी उतरतात आणि दिल्लीकर पहाटे होडीत बसून त्यांना शेव खायला घालतात. मी बरोबर होतो. काकांनी होडीच्या फळीवर क्लॅम्प बसवला, त्यात टॅब्लेट अडकवला आणि वायरीला पोर्टच्या खाली एक झोल दिला. हे बघण्यासारखं होतं. पाणी वायरीवरून ओघळलं तरी झोलाच्या तळाशी येऊन टपकतं, पोर्टात शिरत नाही. वायरीच्या टोकाला काकूंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका होता, काकांच्या सगळ्या वायरींना असतो. मल्लाह हे सगळं वल्हं गुडघ्यावर ठेवून बघत होता.

"बाबूजी, इससे क्या होगा?"

"पता चलेगा कि हम कहाँ हैं."

"यमुना में हैं," तो म्हणाला. मग त्याची नजर काकांच्या पॉवर बँकेच्या दुसऱ्या तोंडावर गेली. "इसमें हमारा भी लग जाएगा?"

आणि इथे मला काकांचा खरा स्वभाव कळला. लावला तर काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पॉवर बँकेवर वॅटचा मोठा आकडा लिहिलेला असतो तो एकट्या तोंडाचा. दुसरं तोंड भरलं की वॅट वाटले जातात. थंडीत बॅटरीही आधीच आळसावलेली असते. पण "लगाओ, लगाओ" म्हणताना त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. मागच्या बाकावर फोटो काढत बसलेल्या नवविवाहित जोडप्याचा फोनही पॉवर बँकेला लागला. परत घाटावर आलो तेव्हा मल्लाहचा फोन भरला होता, जोडप्याचा भरत आला होता आणि काकांचा टॅब्लेट अठ्ठावीसवर धुगधुगत होता. "करंट गेला कुठे, याचा हिशेब लागतोय ना? मग झालं," काका म्हणाले.

खरी मोहीम मे महिन्यात, हर्णैला. १ जूनपासून मासेमारीबंदी लागते, त्याच्या आत. विमानात कंपनीला न विचारता १०० वॅट-तासांपर्यंतचीच पॉवर बँक नेता येते, तीही हातातल्या बॅगेत. इतक्या हलाखीत प्रवास करणं काकांना मंजूर नाही. म्हणून निजामुद्दीनहून मंगला एक्सप्रेस. पण रेल्वेत आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवायचा नियम आहे. काका अकराला दहा कमी असताना डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारतात आणि झोपलेल्यांना उठवून सांगतात, "आत्ता लावा, पहाटेपर्यंत मिळणार नाही." मागच्या प्रवासात त्यांना काही लोकांनी तिकीट दाखवलं.

हर्णैला चुलतभावाची बोट. पल्ला सुवर्णदुर्गाला वळसा घालून बाहेर जाण्याचा. सुवर्णदुर्ग बंदरातून उघड्या डोळ्यांनी दिसतो. त्याला चुकवायचं तर मुद्दाम डोळे मिटावे लागतील. तरी काकांनी टॅब्लेटवर मार्ग आखला, पूर्ण उजेड केला आणि प्लास्टिकच्या जलरोधक पिशवीत घालून सुकाणूपुढे टांगला. तांडेलाकडे स्वतःचा जीपीएस होता, बोटीच्या बॅटरीला दोन तारांनी जोडलेला, वर्षानुवर्षं न बोलता चालणारा.

"तुमचं सगळं एकाच बॅटरीवर," काका म्हणाले. "ती गेली तर?"

"मग किल्ला दिसतोय ना," तांडेल म्हणाला.

१७५५मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला, हा इतिहास काकांनी सांगायला घेतला. "त्याचा किती टक्के होता?" पुतण्याने विचारलं. काकांनी ऐकू न आल्यासारखं केलं, कारण पडद्यावर थर्मामीटरचं चिन्ह आलं होतं. अशी यंत्रं ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी केलेली असतात. मे महिन्याचं ऊन, वर प्लास्टिक, वर चार्जिंगची उष्णता. टॅब्लेटने चार्ज घेणं बंद केलं आणि पडदा मंद केला. काकांनी तो पिशवीतून काढून ओल्या फडक्यात गुंडाळला. आता पोर्टात ओल आल्याची सूचना झळकली आणि कोरडं होईपर्यंत चार्जिंग बंद. त्यात काकांनी फुटपाथवरून घेतलेला राखीव चार्जर लावला, तशी वायरलेस सेटवर चॅनल १६ला खरखर सुरू झाली. स्वस्तातले चार्जर अशी विद्युत गडबड करतात.

"काका, तुमचं ते बंद करा आधी, काय ऐकूच येत नाय!" तांडेल ओरडला. सोळावर संकटाचे निरोप येतात, हे काकांनाही माहीत. त्यांनी निमूटपणे वायर ओढली.

पण मोठी पॉवर बँक अजून भरलेली होती. एकेक खलाशी येऊन "काका, माझा जरा लावा" म्हणत गेला. दुपारी जेवणाच्या वेळी चार फोन काकांभोवती चार्ज होत होते, एकावर भजन, एकावर क्रिकेट. तांडेलाने आपला फोन सगळ्यात शेवटी, बाकीच्यांची पाठ वळल्यावर दिला. टॅब्लेट फडक्यात झोपला होता.

काकांना कमांडर दिलीप दोंदे तोंडपाठ आहेत. गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या 'म्हादेई'तून २००९-१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा. अभिलाष टॉमी ज्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरला तिच्यात जीपीएस वापरायलाच बंदी, सेक्स्टंट आणि कागदी नकाशे चालवायचे. "त्यांचं ठीक आहे," काका म्हणतात, "ती नौदलाची माणसं. आपल्याला सोय बघावी लागते." डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा एक कागदी नकाशा त्यांनीही आणलाय, नळीत गुंडाळून कपाटावर ठेवलाय. तो चार्ज करावा लागत नाही म्हणून त्याच्याविषयी त्यांना फारसं बोलता येत नाही.

टक्केकाकांना हसणारे सोसायटीत पुष्कळ आहेत. हसून झालं की त्यांच्याच दाराची बेल वाजवतात. कुणाची मुलाखत असते, कुणाचा मुलगा अमेरिकेहून फोन करणार असतो. माझं मत विचाराल तर दिशा दाखवणारे गावोगाव आहेत, आपला आकडा खाली जाऊ देऊन दुसऱ्याचा वर नेणारे फार थोडे. तेव्हा असा माणसाचा नमुना तुम्हाला कुठे भेटला, भाऊच्या धक्क्यावर, मंगला एक्सप्रेसमध्ये किंवा नोएडाच्या लिफ्टमध्ये, तर त्याचं वॅटचं गणित मुकाट ऐकून घ्या आणि फोन भरला की वायर परत करा. टोकाला लाल ठिपका असेल तर ती नक्की त्यांचीच आहे.