चिरंजीवांना दहावीला कसे बसवावे

अमर किशोराची अद्भुत कादंबरी लिहायला घेण्याआधी लेखकाने एवढं मनाशी पक्कं करावं की आपला नायक शहाणा नाही. बहुतेक हस्तलिखितं इथेच गारद होतात. नायक दिसायला सोळाचा, कागदावर पावणेतीनशेचा, म्हणून लेखक त्याला पहिल्या पानापासून प्रवचनाला बसवतो. मराठी लेखकाची अडचण अशी की आपल्याकडे पंधरा-सोळाव्या वर्षी ज्ञानेश्वरी सांगून झालेली आहे. पण ती १२९० सालची गोष्ट. त्या मापाने पात्र बेतू नये.

मार्कंडेयाचाही आधार घेऊ नये. सोळा वर्षांचं आयुष्य घेऊन आलेला आणि शंकराने यमाच्या पाशातून सोडवलेला हा मुलगा म्हणजे या जातीचा मूळपुरुष खरा, पण वनपर्वात तो पांडवांना गोष्टी सांगायला बसतो तो उठायचं नावच घेत नाही. व्यासांना ते परवडलं. तुमचा प्रकाशक कागदाचा भाव सांगेल.

त्यापेक्षा साधा पोरगा घ्या. समजा, १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर दिल्लीत आलेला, मोतद्दाराचा मुलगा. वर कसा मिळाला, कोणी दिला, यावर पाच ओळींपेक्षा जास्त शाई खर्चू नका. त्याचा देह मात्र नीट बघा. आवाज फुटायला लागला तिथेच अडकला आहे, त्यामुळे आरती म्हणताना तो दर चौथ्या ओळीला किंचाळतो. ओठावरची लव मिशी व्हायला तयार नाही. हनुवटीवर डाव्या बाजूला एक पुटकुळी आहे. ती नजीबखानाच्या काळातली आहे. रोज सकाळी तो ती आरशात बघतो आणि रोज त्याला वाटतं, आज बसलीये जरा. चिरंजीवित्वाची वेदना दाखवायला वाचकाला एवढं पुरे होतं. चंद्राकडे बघत उसासे टाकायला लावू नका.

ऐतिहासिक आठवणी जपून वापराव्या. भाऊंनी दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडली, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याला आठवतं ते एवढंच की त्या महिन्यात घोड्यांना वैरण नव्हती आणि शिव्या त्याला बसत होत्या. यमुनेला पूर होता, पलीकडे अब्दालीची माणसं होती, असं तो विचारल्यावर सांगेल; मग लगेच विचारेल, जेवायला काय आहे. इतिहासाच्या तासाला बाई पानिपत शिकवतात तेव्हा तो खिडकीबाहेर बघतो. तिथे होता, पण घोड्यांच्या मागे होता.

आता स्थळ. राजधानी क्षेत्रासारखी, म्हणजे एनसीआरसारखी, सोय नाही. कुठेही तीन-चार वर्षांहून जास्त राहिलं की शेजारीण विचारते, तुमचा मुलगा वाढत का नाही हो? दिल्लीत असं झालं की नोएडा, नोएडात झालं की गुरुग्राम. तीन सरकारं, तीन पोलीस, आणि शाळा सोडल्याचा दाखला प्रत्येक वेळी नव्या राज्यात ताजा. सांभाळणारं कुटुंब पहाडगंजातलं जुनं मराठी घर ठेवा. तिथे तो आधी कोणाचा तरी धाकटा भाऊ होता, पुढे भाचा झाला, सध्या नातू आहे. एकेकाळी ज्याला खांद्यावर घेऊन फिरवलं, तोच आता आजोबा होऊन ‘मोबाइल ठेव’ म्हणतो आणि याला ठेवावा लागतो. या प्रसंगाला पूर्ण प्रकरण द्या.

‘ट्वायलाइट’मधला एडवर्ड १९१८ पासून सतराचा आहे आणि त्याच्या मंडळींना खोटी कागदपत्रं करून देणारा माणूस मिळतो. आपल्याकडे आधार कार्ड पाचव्या वर्षी बोटांचे ठसे मागतं आणि पंधराव्या वर्षी ते नव्याने मागतं. नायकाने पंधरावं किती वेळा ओलांडायचं, याचा तक्ता लेखकाने जवळ ठेवावा. परीक्षांचाही ठेवावा. सीबीएसईने २०११ पासून काही वर्षं दहावीची बोर्डाची परीक्षा ऐच्छिक केली होती. नायकाच्या आयुष्यातला हा एकमेव सुवर्णकाळ समजावा. २०१८ ला ती पुन्हा सक्तीची झाली, आणि २०२६ पासून वर्षातून दोनदा. दुर्वासांनाही असा शाप सुचला नसता.

रक्तपिपासू हवाच असेल तर नोव्हेंबर निवडा. दिल्लीच्या धुरक्यातून ऊन खाली पोहोचत नाही, शाळा ऑनलाइन असतात, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. बाकी या प्रकारात सांगण्यासारखं विशेष नाही.

खलनायक मात्र राक्षस नको. सोसायटीच्या बाकावर बसणारे अंकल घ्या. त्यांचे प्रश्न तीनच: कौनसी क्लास में हो, कितने परसेंट आए, पापा क्या करते हैं. पहिल्या दोन प्रश्नांना नायक सरावलेला आहे. तिसऱ्याला अडखळतो, कारण वडील १४ जानेवारी १७६१ ला घोड्यांसकट गेले, आणि ते गाव आता एनसीआरमध्येच मोडतं.

“पापा पानीपत में हैं,” तो म्हणतो.

“अच्छा!” अंकल खूश होतात. “कंबलों का काम होगा. अपने लिए दो डबलबेड वाले बोल देना बेटा, होलसेल में.”