सेंद्रिय, पण मातीविना

सेंद्रिय शेती करायची तर मातीचा कस वाढवा, असं अमेरिकेचा १९९०चा कायदा सांगतो. ब्लूबेरीला हवी साडेचार ते साडेपाच सामूची आम्लधर्मी जमीन. कॅलिफोर्नियात ती सहसा नसते. मग काय, जमिनीवर प्लास्टिक अंथरा, वर कुंड्या मांडा, त्यात कोकोपीट भरा (नारळ कदाचित आपल्या तामिळनाडूचा) आणि नळीनं खत पाजा. झाली सेंद्रिय! युरोपात हे चालत नाही. अमेरिकेत सरकारच्या सेंद्रिय शेती सल्लागार मंडळानं २०१७ साली अशा शेतीवरच्या बंदीचा प्रस्ताव आठ विरुद्ध सात मतांनी फेटाळला, २०२१ साली न्यायालयानंही मान डोलावली. कायद्यातली माती कायद्यातच राहिली. एक मात्र मानलं पाहिजे, शेतकऱ्याच्या बुटाला चिखल लागत नाही.