मनगटपारखी

ओळख झाली की कुणी आडनाव विचारतं, कुणी मूळ गाव, कुणी थेट पॅकेज. मनगटपारखी यातलं काहीच विचारत नाही. तुम्ही नमस्काराला हात जोडण्याची तो वाट बघतो. हात वर आले की बाही दोन बोटं मागे सरते आणि त्याचं काम होतं. पुढची पाच मिनिटं तो तुमच्या मनगटाशी बोलतो. मध्ये तुम्ही काही म्हणालात तर तेही ऐकून घेतो. माणूस सभ्य आहे.

ही जमात पुण्यात आढळते, पार्ल्यात आढळते, न्यू जर्सीच्या मराठी मंडळात गणपतीच्या आरतीलाही आढळते. वय चाळिशीच्या पुढचं, नोकरी बरी, घराचं कर्ज फिटत आलेलं. खिशात पेन असेल-नसेल, दहापट मोठं दाखवणारं भिंग असतंच. आधी कॅमेऱ्याच्या लेन्स करून झालेल्या असतात, मग फाउंटन पेनं, मग सिंगल माल्ट. घड्याळ हा शेवटचा मुक्काम.

त्यातही अस्सल पारखी 'ड्रेस वॉच'वाला. समुद्रात तीनशे मीटर खाली चालणारं घड्याळ घालून लोक कर्वे रस्त्यावर पावसाच्या सरीला आडोसा शोधतात, याचं त्याला हसू येतं. त्याला हवं साधं घड्याळ. सोन्याची बारीक केस, चामड्याचा पट्टा, दोन काटे, फार तर खाली एक छोटा सेकंद. बाहीखाली सुळकन सरकलं पाहिजे. डायलवर तारखेची खिडकी दिसली की त्याचं तोंड कडू होतं. "तारखेसाठी घरात कालनिर्णय आहे की!"

या साधेपणाची काशी म्हणजे जिनिव्हा, आणि तिथलं मोठं दैवत पाटेक फिलिप. दैवत म्हटलं म्हणून तो डोळे मिटून हात जोडतो असं समजू नका. मराठी माणूस ज्याला मानतो त्याच्याच चुका काढतो; परक्याच्या काढायला सवड कुणाला आहे?

पारख सुरू होते कुळापासून. पोलंडमधून परागंदा झालेल्या आंतोनी पाटेकनं 1839 साली चापेक नावाच्या भागीदाराबरोबर जिनिव्हात धंदा मांडला. भागीदारी काही टिकली नाही. 1845 साली आद्रियें फिलिप हा फ्रेंच कारागीर येऊन मिळाला. घड्याळाला वेगळी किल्ली न लावता वरची फिरकी फिरवून चावी देण्याची युक्ती त्याची. हे सगळं पारखी भराभर सांगून टाकतो, कारण त्याला पोचायचं असतं 1932 वर. जगभर मंदी होती, आणि कंपनी विकत घेतली ती स्टर्न बंधूंनी, म्हणजे तिला डायल बनवून देणाऱ्यांनी. "सप्लायर मालक झाले हो! आणि आपल्याकडे केटरर नुसता वेळेवर येत नाही." त्याच वर्षी 96 क्रमांकाचं कालात्राव्हा हे घड्याळ निघालं. जेमतेम 31 मिलिमीटरचं, गोल, कसलाही नखरा नसलेलं. आज स्टर्नांची चौथी पिढी गादीवर आहे, आणि कंपनी अजून घरातच आहे याचं पारख्याला इतकं समाधान, की जणू सातबाऱ्यावर त्याचंही नाव लागलंय. व्हाशराँ काँस्टँताँ 1755 चं, म्हणजे वयानं बरंच वडील. पण ते आता रिशमाँ या मोठ्या समूहात नांदतं. "घरचं राहिलं नाही," असं तो हळहळून सांगतो.

एवढा इतिहास झाल्यावर श्रोत्यांतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "आमच्या आजोबांकडे फेवर ल्युबा होतं." इथे त्याची पंचाईत होते. फेवर ल्युबाचं मूळ 1737 चं, पाटेकच्या शंभर वर्षं आधीचं. तो हे मान्य करतो आणि विषय रिव्हर्सो नावाच्या घड्याळावर नेतो. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, म्हणून केस उलटी फिरवून काच आत लपवता येईल असं ते घड्याळ 1931 साली निघालं. आपला हातभार तेवढाच. काचा फुटल्या इथे, पेटंट निघालं पॅरिसला.

कुळ झालं की अंगकाठी. मागे एका लग्नात आमच्या ओळखीतल्या अशाच एका नमुन्यानं अमेरिकेहून आलेल्या नवरदेवाचा हात धरला आणि डोळ्याला भिंग लावलं. नवरीची आई लगबगीनं पुढे आली. "भावजी, तुम्ही हात बघता हे ठाऊकच नव्हतं! आयुष्यरेषा कशी आहे जावईबापूंची?"

"बाकी सगळं उत्तम आहे वहिनी," तो भिंग न काढता म्हणाला, "पण सेकंद वर चढलाय."

माउलीनं तिथल्या तिथे गणपतीला नवस बोलला.

जावईबापूंच्या हातात होतं 5196 क्रमांकाचं कालात्राव्हा, आणि तक्रार ऐकायला वेडगळ वाटली तरी तिच्यामागे हिशेब होता. त्या घड्याळाची केस 37 मिलिमीटरची. आतलं मूव्हमेंट, म्हणजे यंत्र, मात्र 1974 सालापासून चालत आलेलं, रुंदीला 21.9 मिलिमीटर. छोट्या सेकंदाची जागा केस ठरवत नाही, मूव्हमेंट ठरवतं. काळाबरोबर घड्याळं मोठी झाली, यंत्र होतं तेवढंच राहिलं, आणि खाली सहाच्या आकड्याजवळ बसायचा सेकंद मध्याला जाऊन चिकटला. "माणूस सहा फूट वाढला," पारख्याचा निकाल, "पण बेंबी राहिली बरगडीखाली." एकदा हे ऐकलं की त्या घड्याळात दुसरं काही दिसत नाही. चांगल्या वस्तूतला आनंद कायमचा नासवण्याची ही ताकद मी फक्त पारख्यांत आणि व्याकरणाच्या शिक्षकांत पाहिली आहे.

बरं, कंपनीनंही जणू ऐकलं. 2021 साली 6119 आलं. यंत्र नवं कोरं, तब्बल 31 मिलिमीटर रुंद आणि जाडीला अडीचच्या किंचित वर, दोन स्प्रिंगा, एकदा चावी दिली की 65 तास निश्चिंती. सेकंद खाली, जागच्या जागी. तेव्हाची किंमत तीस हजार डॉलरच्या घरात. आता तरी पारखी खूश व्हावा की नाही? त्यानं फोटो पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाला, "39 मिलिमीटर? मनगटावर ताटली ठेवायची का?"

मात्र त्याची खरी परीक्षा घड्याळाच्या पाठीमागे असते. आपण लोक घड्याळ समोरून बघतो, हा त्याच्या मते अडाणीपणा. तो ते उलटं करतो आणि आतला कोपरा शोधतो. मूव्हमेंटमधल्या, चाकं धरून ठेवणाऱ्या पुलांच्या कडा तासून, उतरत्या करून चकचकीत केलेल्या असतात. बाहेरच्या कडा यंत्रावरही निघतात. पण जिथे दोन कडा आतल्या बाजूला येऊन टोकदार मिळतात, तिथे फिरणारं हत्यार पोचत नाही. ते कोपरा गोल करून टाकतं. तो टोकदार काढायचा तर कानस घेऊन माणसालाच बसावं लागतं. मग ज्युराच्या डोंगरात उगवणाऱ्या जेन्शियन नावाच्या रोपाची वाळकी काडी घ्यायची, तिला पॉलिश लावायचं आणि घासत राहायचं. म्हणून असा एक कोपरा दिसला की पारखी श्वास रोखतो, आणि गोल दिसला की "मशीनचं आहे" म्हणून घड्याळ परत करतो.

या बाबतीत त्याचं शेवटचं न्यायालय एकच, फिलिप द्युफूर. व्हॅले द झूमधल्या ल सोलिया गावात, शाळेच्या जुन्या इमारतीत बसून हा गृहस्थ घड्याळं करतो. 2000 साली त्यानं 'सिंप्लिसिटी' नावाचं घड्याळ काढलं. नाव साजेसं, दोन काटे आणि छोटा सेकंद. पण पाठ उघडून बघितली की भल्याभल्या कंपन्यांचे कारागीर गप्प होतात. ती सगळी मिळून दोनशेच्या थोडी वर झाली. पारख्यानं त्यातलं एकही प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं. तरी पाटेकचं कुठलंही घड्याळ पुढे ठेवा, तो म्हणणार, "छान आहे. द्युफूर नव्हे."

मला हसू येतं, पण याच ठिकाणी थोडा आदरही वाटतो. जुन्या कालात्राव्हांना मागे काच नसायची, सोन्याचं झाकण असायचं. तो कोपरा दुरुस्तीच्या वेळी घड्याळजीला दिसणार, तोही काही वर्षांतून एकदा. तरी कुणीतरी तो घासत बसला होता. आणि आज कुणी घासत असेल, तर भिंग घेऊन तपासणारा एखादा चक्रम जगात आहे, हे त्याला माहीत आहे म्हणून. हिशेबतपासनीस त्या कोपऱ्याचा खर्च केव्हाच काटून टाकतील. आमचा पारखी आरडाओरडा करतो म्हणून तो शाबूत आहे.

प्रमाणपत्रांवर त्याचा विश्वास नाही. जिनिव्हाचा सरकारी शिक्का 1886 पासून चालत आलेला. 2009 साली पाटेकनं तो सोडला आणि स्वतःचा शिक्का काढला. "विद्यार्थ्यानं स्वतःचं बोर्ड काढलं आणि बोर्डात पहिला आला," हे त्याचं भाष्य. त्या शिक्क्याच्या सुरुवातीच्या नियमानुसार घड्याळ दिवसाला तीन सेकंद मागे किंवा दोन सेकंद पुढे, एवढंच चुकू शकत होतं. ऐकणारा भारावतो. मग कुणी बारावीतला मुलगा म्हणतो, काका, माझं सातशे रुपयांचं क्वार्ट्झ महिन्यातसुद्धा फार चुकत नाही. सायकोनं 1969 च्या नाताळात पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं, तेव्हापासून स्विस लोकांकडे या प्रश्नाला उत्तर नाही. पारख्याकडे आहे. "वेळ बघायला कोण घालतं घड्याळ?" आणि हे तो मनापासून बोलतो. त्याच्या हातावरच्या घड्याळात दहा दहा झालेले असतात, सकाळी, दुपारी आणि झोपताना. जाहिरातीत काटे तिथेच असतात.

स्पोर्ट्स घड्याळांचा विषय त्याच्यापुढे काढू नये. 1976 साली पाटेकनंच पोलादी नॉटिलस काढलं, आणि जग त्याच्यामागे इतकं वेडं झालं की त्याचं एक मॉडेल बंद होता होता त्यातलं निळ्या टिफनी डायलचं एक 2021 च्या लिलावात 65 लाख डॉलरला गेलं. 2024 मध्ये चौकोनी क्युबिटस आलं. त्या आठवड्यात पारखी ऑफिसला गेला, पण कुणाशी बोलला नाही.

पैशाचं तो कधीच बोलत नाही. मात्र कुठल्या घड्याळाची किंमत गेल्या मार्चमध्ये किती होती आणि आज किती, हे त्याला झोपेत विचारा. घरी तो वेगळी बाजू मांडतो. पाटेकची 1996 पासूनची जाहिरात त्याला तोंडपाठ आहे. घड्याळ आपल्या मालकीचं नसतंच, आपण फक्त पुढच्या पिढीसाठी सांभाळायचं, असा तिचा सूर. ती ऐकून बायको एकदाच म्हणाली, "पुढची पिढी आत फोनवर खेळतेय. विचारून ये, हवंय का."

तर मग याच्या स्वतःच्या हातात काय असतं? एचएमटी जनता. बंगळूरला 1961 साली जपानी सिटिझनच्या साहाय्यानं घड्याळं करू लागलेल्या सरकारी कारखान्याचं, रोज चावी द्यायचं. पाटेक परवडत नाही असं तो म्हणत नाही. अजून एकही पास झालेलं नाही, असं म्हणतो. जनतेत मात्र त्याला दोष सापडलेला नाही. सेकंदकाटा मधोमध असल्यामुळे तो वर चढण्याचा प्रश्नच येत नाही.

त्याच्या शंभर मतांपैकी नव्व्याण्णव तुम्ही सोडून दिलीत तरी चालेल. एक मात्र ऐकाच. कपाटात आजोबांचं फेवर ल्युबा किंवा वडिलांचं एचएमटी सापडलं, तर डायल रंगवून घेऊ नका आणि केसला पॉलिश करू नका. मुंबईत जुन्या घड्याळांवर भडक नवे डायल छापून विकण्याचा धंदा इतका बोकाळला, की परदेशी संग्राहक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणून हिणवतात. डाग असू द्या, पिवळेपणा असू द्या. एखादा जुना, सचोटीचा घड्याळजी गाठा, आतलं वाळलेलं तेल साफ करून नवं घालून घ्या आणि रोज चावी देऊन वापरा.