टॉवेलाची कागदपत्रं, माणसाची तोंडी

सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून तो परदेशी निघाला, की सोबत बीजक, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल असा लवाजमा. तो विणायला परप्रांतातून आलेल्याची नोंद मात्र पुष्कळदा मुकादमाच्या डोक्यात.

१९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने फोटोसकट पासबुक द्यावं, त्यात मजुरीचा दर नि कपाती लिहाव्यात, असं कलम होतं. पासबुक हाती न पडताच कायदा निवृत्त झाला. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता आल्या. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, असं त्या बजावतात. ‘शेठ आले की बघू’ ही तारीख त्यांत नाही.

मालकांचं गणितही पक्कं. भविष्यनिर्वाह निधीचा १९५२चा कायदा २० कामगारांपासून लागू व्हायचा. म्हणून एकाच छपराखाली, एकाच फाटकावर दोन पाट्या लावून प्रत्येकीखाली वीसच्या आत माणसं दाखवायची युक्ती यंत्रमाग धंद्यात जुनीच. त्याच कायद्याचं कलम २-अ सांगायचं, विभाग कितीही पाडा, आस्थापना एकच. ते वाचायला सवड कुणाला?

मजुरी थकली असेल, तर हजेरीवहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.