माणुसकीला पाचशेचा स्टॅम्प

भोसरीत प्रेसशॉप चालवणारे आमचे अण्णा हल्ली फार दुखावलेले आहेत. बोट कामगाराचं गेलं, पण विव्हळतात अण्णा. गेल्या दिवाळीच्या आधी त्यांच्या चार नंबरच्या प्रेसवर लातूरकडच्या एका पोराची उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. पोरगा कसला, तीस वर्षांचा बाप्या आहे, दोन लेकरांचा बाप. पण पगार वाढवायचा नसला की शेडमध्ये माणसाला पोरगाच म्हणायचं असतं.

"काय करायचं बाकी ठेवलं हो मी त्याच्यासाठी?" अण्णा विचारतात, आणि खरंच, यादी मोठी आहे. स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. सीट कव्हर रक्ताने खराब झालं, पण अण्णांनी त्याचे पैसे पगारातून कापले नाहीत. कापता आले असते. डॉक्टरांना स्वतः सांगितलं, "घरी पाय घसरून पडला." कारखान्यात लागलं म्हटलं की पोलीस, पोलीस म्हटलं की जबाब, पोराच्या मागे नसती कटकट नको, हा त्यामागचा विचार. दवाखान्याचं बिल भरलं, वर पंचवीस हजार रोख. शिवाय गेटवर बसायची नोकरी. गेट उघडायला नऊ बोटं पुरतात.

आणि एवढं सगळं तोंडी नको म्हणून अण्णांनी स्टॅम्प पेपर आणला. "माझी काही तक्रार नाही, यापुढे कसलीही मागणी करणार नाही." उजव्या हाताला बँडेज, सही जमेना, म्हणून डाव्या अंगठ्यावर काम भागवलं. शंभरचा स्टॅम्प सरकारने 2024 मध्ये पाचशेचा केला. माणुसकी दाखवणंसुद्धा महाग झालंय, ही अण्णांची खंत मला पटली.

तरी महिनाभरात पोस्टाने वकिलाची नोटीस आली.

"वकील!" अण्णा हा शब्द घरात साप निघाल्यासारखा उच्चारतात. "आणि फुकटचा! सरकार देतंय म्हणे!" देतं खरं. विधी सेवा प्राधिकरणाचा 1987 चा कायदा आहे. त्यातल्या 12 व्या कलमात औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न न विचारता. न्यायालयाच्या आवारात बोर्ड असतो, 15100 हा फोन नंबर असतो. पण बोर्ड लावण्याची जागा अशी निवडलेली असते की तिथवर पोचायला आधी वकील लागावा. आपल्याकडे बोट तुटलेल्या माणसाला सुपरवायझर सल्ला देतो, गावचा भाऊ सल्ला देतो, दवाखान्याबाहेरचा एजंट "तीस टक्के माझे, बाकी तुझे" असं म्हणत चहा पाजतो (वकिलाला भरपाईत वाटा घ्यायला बार कौन्सिलची मनाई आहे, एजंटाला कोण मनाई करणार?), फक्त वकील फुकट मिळतो एवढंच कुणी सांगत नाही. या पोराला ते खोलीवरच्या दोस्ताने सांगितलं. अण्णा त्या दोस्ताच्या शोधात आहेत. तो कुठल्या शेडमध्ये लागतो तेवढं कळलं की झालं.

वकीलही कोण, तर कालची पोर. अण्णा तिला फोनवर म्हणाले, "बाई, मी लिहून घेतलंय." ती म्हणाली, "सर, कामगाराने हक्क सोडल्याचा करार भरपाई कायद्याच्या 17 व्या कलमाखाली रद्दबातलच असतो. एकरकमी तडजोड करायची तर ती भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते." अण्णांना धक्का बसला तो स्टॅम्पचा. पाचशे रुपये सरकारने घेतले आणि कागद रद्दीचा!

मग अण्णांनी कायदा मागवून स्वतः वाचला. माणूस जिद्दी. अपघाताच्या वेळी लागू असलेला 1923 चा भरपाई कायदा, त्यात त्यांना एक आशेचा किरण दिसला: कामगाराने सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं असेल तर मालकाची जबाबदारी नाही. (कामगार मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला तर मात्र ही सोय नाही. अण्णा म्हणाले, "चला, बोटावर निभावलं.") त्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पंच खाली येतो, म्हणजे खाली येताना दोन्ही हात बटणांवर असतात. चार नंबरवर उजवं बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबलेलं होतं. एक हात मोकळा राहतो, पीस सरकवता येतो, पाळीत तीनेकशे नग जास्त निघतात. पट्टी कामगाराने लावली, असं अण्णांचं म्हणणं. असेलही. पण ती खाकी रंगाची, पॅकिंगची, रुंद पट्टी. तिचे रोल अण्णांच्या टेबलाच्या खणात असतात आणि खणाची किल्ली अण्णांच्या जानव्याला.

"आणि कारखान्यात लागलं याला पुरावा काय?" अण्णांनी शेवटचा हुकूम टाकला. पुरावा सुपरवायझरने दिला होता, अपघातानंतर अकरा मिनिटांत. 'प्रॉडक्शन फॅमिली' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर: "4 नं. वाल्याचं बोट गेलं. माणूस पाठवा, डिस्पॅच आहे." खाली अण्णांचा अंगठा. हा मात्र उजवा, पिवळा, स्वखुशीने दिलेला.

रकमेचं म्हणाल तर कायद्यात अवयवांचा तक्ताच आहे. अख्खी तर्जनी 14 टक्के, मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7, अंगठा 30. पोराला बारा तासांचे अठरा हजार मिळायचे, कायदा जास्तीत जास्त पंधरा हजारच धरतो. त्याचे साठ टक्के नऊ हजार, गुणिले तिसाव्या वर्षाचा गुणक 207.98, त्याचे 14 टक्के: दोन लाख बासष्ट हजार पंचावन्न. अण्णांनी तक्ता बराच वेळ पाहिला. "सात टक्क्यांची दोन बोटं त्याच हाताला होती हो," ते म्हणाले, "आणि गेलं नेमकं महागातलं."

मी ओडिशातल्या सुताराची गोष्ट त्यांना सांगितली नाही. त्याचा डावा हात गेला तेव्हा मालक तक्ता घेऊन टक्के मोजत बसला, आणि सुप्रीम कोर्टाने 1975 मध्ये म्हटलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा शंभर टक्के. अण्णांचं बीपी आधीच वाढलेलं.

"विमा नाही का काढलेला?" मी विचारलं. नाही. नव्या गाडीचा मात्र झिरो-डेप आहे. ईएसआय? तीही नाही, कारण ती दहा माणसांना लागते आणि अण्णांच्या हजेरीवर कायम नऊ. शेडच्या डाव्या भिंतीकडची नऊ माणसं अण्णांच्या फर्मची, उजव्या भिंतीकडची वहिनींच्या फर्मची. मध्ये भिंत नाही, पाण्याचा एकच माठ आहे.

धीर द्यायचा म्हणून मी त्यांना धाराशिवकडच्या साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याची हकिकत सांगितली. 2003 साली पहाटे तीनच्या पाळीला निघाला आणि कारखान्याच्या पाच किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. आयुक्तांनी सव्वातीन लाख मंजूर केले, हायकोर्टाने ते रद्द केले, सुप्रीम कोर्टाने परत दिले, 2025 च्या जुलैत. बावीस वर्षं! अण्णांचा चेहरा उजळला. मग मी व्याजाचं सांगितलं: महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर दरसाल बारा टक्के, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर वर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. "बारा? पतसंस्थेत मला नऊ मिळतात!" अण्णा ओरडले. नोव्हेंबर 2025 पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, तिच्यात कामावर येता-जातानाचा अपघातही धरलाय, हे ऐकल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी गेटवर नोटीस लावली: कामगारांनी रस्त्याच्या कडेने चालावे.

दावा लागलाय लातूरला. कामगार राहतो त्या भागात दावा लावता येतो, हेही त्या कालच्या पोरीला ठाऊक. अण्णांना आता तारखेला पहाटे निघावं लागतं. त्यांच्या वकिलाने पहिल्याच तारखेचे पंचवीस हजार घेतले, प्रवासखर्च वेगळा. म्हणजे पोराला दिले तेवढेच, पण इथे स्टॅम्पवर अंगठा मागायची सोय नाही.

काल अण्णा माझ्याकडे आले ते उत्साहात होते. मोफत वकिलाच्या त्याच 12 व्या कलमात आणखी एक पोटकलम त्यांना सापडलंय: ज्याचं वार्षिक उत्पन्न सरकारने ठरवलेल्या मर्यादेत आहे, त्यालाही वकील फुकट. महाराष्ट्रात मर्यादा तीन लाखांची.

"मी तर कागदावर अडीचच्या आत बसतो," अण्णा म्हणाले. "तहसीलमध्ये दाखला काढून देणारं कुणी आहे का तुमच्या ओळखीचं?"